निरुपयोगी असल्याचा दाखला

राब भाजण्याचं काम मला झेपेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. मी फक्त तसं म्हणालो. वाटणं आणि म्हणणं यांत फरक असतो, हे बहात्तराव्या वर्षी तरी मला कळायला हवं होतं.

पेठ रस्त्याला चिंचमाळ नावाचा पाडा आहे. तिथे आमची तीस गुंठे भातखाचरं आहेत. 'आमची' म्हणजे उत्तराची, माझ्या पत्नीची. तिच्या माहेराकडून आलेली. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. त्या शेताच्या संदर्भात माझं नाव सरकारदरबारी यापूर्वी एकदाच लागलं होतं, मला विंचू चावला तेव्हा, दवाखान्याच्या केसपेपरवर. शेती सोमा भोये करतो. अर्धं भात त्याचं, अर्धं आमचं. आमचं अर्धं आम्ही 'घरचा तांदूळ' म्हणून नातेवाइकांत कौतुकाने मिरवतो. सोमाच्या अर्ध्यावर त्याच्या घरातली सात माणसं वर्ष काढतात. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पुढे जो हास्यास्पद प्रकार घडला, त्यात ते विसरलं जाण्याचा संभव आहे. मी स्वतः एकदोनदा विसरलो होतो.

दरवर्षी माघात सोमाचं घर दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला जातं आणि शिमग्याच्या सुमारास परत येतं. या वर्षी बागवाल्याने काढणीनंतरची छाटणीही त्यांनाच दिली. म्हणजे मुक्काम थेट आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत. हे सांगायला सोमा नाशकात आमच्या घरी आला आणि चहाची बशी हातात घेऊन म्हणाला, "समदं ठीक हाय सायेब, पण राबाचं काय?"

शहरी वाचकांसाठी सांगतो. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, तो तुकडा उन्हाळ्यात शेण, काटक्या, पाला, गवत अंथरून भाजून काढायचा, याला राब म्हणतात. भाजला की तणाचं बी मरतं आणि राखेचं खत होतं. भाजला नाही तर भातापेक्षा गवत जास्त उगवतं. लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. (हे पुष्कळ बाबतींत खरं आहे, पण विषयांतर नको.)

"दोन दिस येऊन भाजून जातो," सोमा म्हणाला. "मुकादम कटकट करील, पण बघू."

तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. "तू कशाला येतोस? मी भाजतो की."

उत्तराचा हात चहाच्या किटलीवर तसाच राहिला. सोमाने माझ्या पायांकडे पाहिलं. पायांत मोजे होते.

"तुम्ही?"

"त्यात काय एवढं?"

सोमा मला कधी दुखवत नाही. त्याने बशी खाली ठेवली आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "खाली शेण. ते आमची आत्या, अक्काबाई, टाकील. त्यावर काटक्या आन पाला. वर गवत. आन समद्याच्या वर माती. बारीक माती, चाळल्यावानी. माती इसरू नका सायेब. मातीबिगर राब भाजत नाय, उडून जातो. पेटवायचा तो सांजच्याला, वारं पडल्यावर."

मी वहीत लिहून घेतलं आणि 'माती' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. ती वही माझ्याकडे आहे. पुढे ती पुरावा म्हणून दाखवायची वेळ आली.

पहिली अडचण पाल्याची. मी तीन पोती घेऊन पाड्यामागच्या रानात गेलो आणि सागाची वाळलेली पानं भरली. पोती बांधत असताना वनरक्षक आला.

"परवानगी?"

"अहो, गळलेली पानं आहेत ही."

"गळली कुठं? वनात ना?"

अर्ज करता येईल, तो म्हणाला, पण अर्जात झाडांची नावं आणि पाल्याचं अंदाजे वजन लिहावं लागेल. मी पोती तिथेच ओतली. तर तो म्हणाला, असा ढीग नको, वणव्याचा धोका असतो, होती तशी पसरा. मी पाऊण तास सागाची पानं सागाखाली पसरत होतो. मध्येच त्याने एका झाडाकडे बोट दाखवून सांगितलं, "तिकडं जरा कमी पडली." मी तिकडेही पसरली.

दुसरी अडचण खंडेराव. खंडेराव आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत, पण सल्ल्यातून झालेले नाहीत. त्यांच्या मेव्हण्याची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्यामुळे शेतीतलं त्यांना सगळं कळतं. "शरदराव, राब जाळणं हे मुळात अशास्त्रीय आहे," त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, आणि लगेच, "पण जाळायचंच असेल तर खोकी जाळा. द्वारका चौकात ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ढिगाने पडलेली असतात." त्यांच्याच गाडीतून आम्ही द्वारकेला गेलो. द्वारकेच्या वाहतूककोंडीतून अर्ध्या तासात परतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आम्हाला अडीच तास लागले, त्यांतली खोक्यांची दहा मिनिटं. घरी आल्यावर उत्तराने एक खोकं उचललं, त्यावरची चिकटपट्टी नखाने सोलली आणि म्हणाली, "हे प्लॅस्टिक माझ्या शेतात जळणार नाही."

खोकी जिन्यात राहिली. सोसायटीची नोटीस आली. खोकी परत द्वारकेला गेली.

त्या संध्याकाळी मी दिवाणावर हताश बसलो होतो. उत्तरा मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, तुम्ही बसलाय त्याच्याखाली कोरडा माल आहे की."

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगावं लागणार, आणि तेच मला जड जातं. अकरा वर्षांपूर्वी मी स्वखर्चाने एक पुस्तक छापलं. नाव, 'संकोच : कारणे आणि निवारण'. पाने एकशे बहात्तर, प्रती पाचशे. भिडस्त माणसांनी भीड कशी सोडावी, यावर मराठीत पुरेसं लेखन नाही असं माझं मत होतं. पुस्तक छापून झाल्यावर ते दुकानात ठेवा असं कोणाला सांगायचं, याचा मला संकोच वाटला. एका दुकानदाराने आपणहून विचारलं, "किती प्रती ठेवू?" मी म्हणालो, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर..." आणि तो म्हणाला, "होईल." तेवीस प्रती भेट गेल्या. त्यांपैकी एक मला रविवार कारंज्याजवळ रद्दीच्या दुकानात दिसली, ती मी विकत घेतली. एकूण खप तेवढाच. उरलेल्या चारशे अठ्ठ्याहत्तर प्रतींवर मी अकरा वर्षं झोपत होतो.

मी दोन दिवस उत्तराशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं.

"रागावलात?"

"नाही."

"मग दुसरा काही उपाय आहे का? सोमाला सांगा तसं. जमत नाही म्हणून सांगा."

सोमाला फोन करून 'जमत नाही' म्हणण्यापेक्षा पुस्तक जाळणं मला सोपं वाटलं. माझ्या पुस्तकाच्या परिणामकारकतेबद्दल यावरून वाचकांनी काय तो निष्कर्ष काढावा.

रंगपंचमी झाली आणि तिच्या दुसऱ्या दिवशी खंडेरावांच्या गाडीने दोन खेपांत सगळ्या प्रती चिंचमाळला पोचल्या. सोमाची आत्या अक्काबाई म्हातारी आहे, ती दिंडोरीला जात नाही. चार शेळ्या घेऊन पाड्यावरच असते. तिने राबाच्या तुकड्यावर शेण पसरून ठेवलं होतं आणि आंब्याखाली बसून ती माझ्याकडे बघत होती.

"ह्या कशाच्या वह्या, बाबा?"

"पुस्तकं आहेत."

"शाळंची?"

"नाही. माझीच."

"मंग जाळता कशाला?"

मी कामाला लागलो.

पुस्तक मिटलेलं असलं तर जळत नाही, हे खंडेरावांनी सांगितलं आणि ते दुर्दैवाने खरं निघालं. मग आम्ही पानं सुटी करून शेणावर अंथरायला सुरुवात केली. आता अंथरायचं म्हणजे चालावं लागतं, आणि चाललं की पाय लागतो. कागदाला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, ही सवय मला आईने चौथ्या वर्षी लावली. ती मोडण्याइतका मी धीट कधीच नव्हतो. दोन पावलं टाकायची, वाकायचं, नमस्कार. पुन्हा दोन पावलं, नमस्कार. अंथरायला लागलेल्या अडीच तासांत मी स्वतःच्या पुस्तकाच्या पाया सुमारे तीनशे वेळा पडलो. एवढा मान त्याला यापूर्वी मिळाला नव्हता.

खंडेरावांनी या सगळ्याचं मोबाईलवर चित्रण केलं. "गटावर टाकतो. 'आमचे मित्र मातीशी नातं जोडताना.' झकास."

मग मातीची वेळ आली. घमेलं भरलेलं होतं. मी ते उचललं आणि समोर पानं पाहिली. वरच्याच पानावर अर्पणपत्रिका होती, 'ती. आईस'. पुस्तकावर पाय पडला तर मी हात जोडतो. त्यावर घमेलंभर माती ओतायची? मी घमेलं खाली ठेवलं.

"माती नको," मी म्हणालो.

"बरोबर आहे," खंडेराव म्हणाले. "ऑक्सिजन मिळाला पाहिजे. आणि संध्याकाळची कशाला वाट बघायची? मला चारला निघायचंय."

म्हणून भर दुपारी, फाल्गुनातल्या वाऱ्यात, मातीशिवाय, मी राब पेटवला.

पहिली दोन मिनिटं सगळं सोमाने सांगितल्यासारखं झालं. मग वारा आला आणि माझं पुस्तक उडालं. अर्धी जळकी, काठाने लाल, काही अगदी कोरी पानं आंब्यावरून, शेळ्यांवरून, कौलांवरून पाड्याकडे निघाली. मी अकरा वर्षांत ज्या पुस्तकाच्या तेवीसच्या वर प्रती माणसांच्या हातांत ठेवू शकलो नव्हतो, ते पाच मिनिटांत घरोघरी पोचलं.

आता अक्काबाईची बाजू समजून घेतली पाहिजे. तिने काय पाहिलं? नाशकाचा माणूस दोन खेपा करून गाडीभर कागद आणतो. घाईघाईने फाडतो. प्रत्येक कागदाच्या पाया पडतो. का जाळतो विचारलं तर सांगत नाही. आणि हा माणूस कोण? नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झालेला! आता मी प्रेसमध्ये छत्तीस वर्षं होतो हे खरं, पण रजा-विभागात. छापलेली नोट मी पगाराच्या दिवशीच पाहिली. पण चिंचमाळला हे कोण सांगणार? पाया पडतोय त्या अर्थी लक्ष्मी आहे. जाळतोय त्या अर्थी बंद झालेली आहे. अक्काबाई उठली आणि पाड्याकडे तोंड करून ओरडली, "धावा रं! प्रेसवाला बाबा जुन्या नोटा जाळतो!"

लोक हंडे, कळश्या, बादल्या घेऊन आले. पंधरा मिनिटांत त्यांनी राब विझवला. नंतर दहा मिनिटं राखेत हात घालून शोधाशोध चालली. शेवटी एकाला एक ओलं पान मिळालं. ते त्याने उन्हात धरून मोठ्याने वाचलं, "प्रकरण सातवे. 'नाही' कसे म्हणावे."

"नोट नाय?"

"नोट नाय. नुसतं लिवलेलं हाय."

त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नोटा होत्याच, मी त्या काढून घेऊन तिथे पुस्तक ठेवलं. मी त्याची माफी मागितली.

प्रकरण इथेच संपलं असतं. पण खंडेरावांनी टाकलेली चित्रफीत सोसायटीच्या गटावरून कुठे कुठे फिरली, आणि तिसऱ्या दिवशी ती 'नाशिकमध्ये निवृत्त कर्मचाऱ्याने जाळल्या गोण्याभर नोटा, पाहा कसा पाया पडतोय' अशा मथळ्याने खंडेरावांनाच परत आली. त्यांनी ती मला दाखवली. "शरदराव, हा माणूस अगदी तुमच्यासारखा दिसतो हो," ते म्हणाले.

तहसीलमधून विचारणा झाली. गावचे पोलीस पाटील सावळीराम यांनी राबाभोवती सुतळी बांधली, उडालेली पानं मुद्देमाल म्हणून घरोघर फिरून गोळा केली, आणि पंचनामा होईपर्यंत 'जैसे थे' असं मला सांगितलं. अर्धा भाजलेला, चिखल झालेला राब सुतळीच्या आत, आणि मी बाहेर. तलाठी पल्लवी मॅडमकडे चार गावं होती. ("आता तलाठी नाही म्हणायचं काका, ग्राम महसूल अधिकारी," त्यांनी सांगितलं. "गावं चारच आहेत.") त्यांना यायला गुढीपाडवा उलटला.

मधल्या काळात सोमाचा फोन यायचा. "सायेब, राब झाला ना?"

"होत आलाय," मी म्हणायचो.

"माती टाकली?"

"इथे आवाज नीट येत नाही, सोमा."

पल्लवी मॅडम मुलीच्या वयाच्या, हुशार आणि घाईत. बांधावर उभ्या राहून त्यांनी मोबाईलवर अर्ज उघडला. "नोटा नाहीत हे दिसतंच आहे. जळालेली वस्तू, पुस्तके. मूल्य काय लिहू, काका?"

"छापील किंमत दीडशे."

"नको. मग ती मौल्यवान मालमत्ता होते. नष्ट का केली, कोणाच्या परवानगीने, आठ जोडपत्रं, प्रांतांकडे फाईल. पावसाळा जाईल. 'निरुपयोगी' लिहिलं तर आजच भाजायची मोकळीक. फक्त तुमचा दाखला हवा आणि पुस्तक वाचलेल्या दोन पंचांच्या सह्या."

मी दाखल्याचा मसुदा केला. 'सदर पुस्तक लेखकाच्या नम्र मते काही अंशी कालबाह्य...'

"काका, 'काही अंशी' चालत नाही. इथे दोनच पर्याय येतात, उपयुक्त आणि निरुपयोगी."

मी क्षणभर खाचराकडे पाहिलं, आणि सोमाच्या घरातली सात माणसं आठवली. मग लिहिलं, 'सदर पुस्तक पूर्णतः निरुपयोगी आहे.' खाली सही केली आणि कंसात 'लेखक' असं लिहिलं. भेट दिलेल्या प्रतींवरही मी संकोचाने सही केली नव्हती. लेखक म्हणून मी केलेली ती पहिली सही.

"आता पंच," पल्लवी मॅडम म्हणाल्या. "पाटील, तुम्ही वाचलंय ना? करा."

सावळीराम हा दांडग्या शरीराचा आणि मऊ आवाजाचा माणूस. त्यांची मोटारसायकल गावात कोणीही मागून न्यायचं, आणि ते स्वतः चालत ड्यूटी करायचे. त्यांनी मुद्देमालाची पिशवी उघडली. आतली पानं क्रमाने लावून दोऱ्याने शिवलेली होती.

"मॅडम, ही मी रोज देवळाच्या ओट्यावर वाचतो. धा-बारा लोक बसतात. परवा मेव्हणा गाडी मागाया आला. मी नाय म्हनलो. चाळीस वर्षांत पयल्यांदा. निरुपयोगी म्हणून सही करायची म्हंजे खोटी सही होईल." मग माझ्याकडे वळले. "सायेब, एक्कावन्न ते साठ पानं जळाली. तो कारकून साहेबांच्या खोलीत गेला का नाय शेवटी?"

"गेला," मी म्हणालो.

"बरं झालं."

पल्लवी मॅडमनी अक्काबाईला बोलावलं. ओट्यावर बसून तिने ऐकलं होतं, तेवढं पुरेसं होतं. अंगठा चालणार होता. अक्काबाई शेळ्या सोडून आली, कागद बघितला आणि म्हणाली, "नाय."

"का हो आजी?"

अक्काबाई गप्प.

"अहो, पण कारण?"

अक्काबाई आंब्याकडे बघत राहिली. सावळीरामांनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "पान एकोणऐंशी. 'नाही म्हटल्यावर कारण देऊ नये. गप्प राहावे.' शेळ्यांच्या व्यापाऱ्यालाबी तिनं असंच लावलं परत."

पल्लवी मॅडमना दुसऱ्या गावाची बैठक होती. "आखाजीला येते मी. तोवर दोन पंच तयार करा, काका," असं सांगून त्या गेल्या.

आणि अशा रीतीने, जे ऐकायची मी अकरा वर्षं वाट पाहिली होती ते कानांवर पडल्यावर, ते खोटं आहे हे पटवत हिंडण्याची पाळी माझ्यावर आली. मी, ज्याने कधी कोणाला पुस्तक घ्या म्हटलं नाही, तो चैत्राच्या उन्हात दारोदार जाऊन पुस्तक वाईट आहे म्हणून सांगत होतो. सावळीरामांना सांगितलं की तिसरं प्रकरण दुसऱ्यांच्या ग्रंथांवरून घेतलंय, आणि तेही चुकीचं. त्यांनी पिशवी उघडून तिसरं प्रकरण काढलं आणि म्हणाले, "ह्येच तर चांगलं हाय." नववं प्रकरण पाल्हाळिक आहे म्हणालो, तर एक बाई म्हणाली, ते ऐकताना झोप छान लागते. शेवटी अक्काबाईपाशी मी मनातलं बोललो.

"आजी, हे पुस्तक लिहून मी स्वतः एकदाही कोणाला नाही म्हणालेलो नाही. ते कामाचं कसं असेल?"

"वैद्याला का ताप येत नाय?" अक्काबाई म्हणाली आणि शेळी दोहायला बसली.

घरी येऊन मी हे उत्तराला सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी पण वाचते की काय एकदा?" वाचायला प्रत उरलीच नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशी आभाळात ढग आले. एक वळीव पडला असता तर त्या अर्धवट भाजलेल्या शेणातून गवताची गादी उगवली असती. त्याच संध्याकाळी सोमा दिंडोरीहून उतरला, तो पिशवी खांद्यावर घेऊन थेट खाचरावर. मी तिथेच होतो. त्याने सुतळी पाहिली, वाळून घट्ट झालेला काळा चिखल पाहिला, चिखलात रुतलेली पानं पाहिली. एक शब्द बोलला.

"माती?"

मी खिशातून वही काढून त्याला दोन रेघा दाखवल्या.

सोमाने वही बघितली, मिटली, माझ्या हातात परत दिली आणि बांधावर बसला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता आभाळाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी मॅडम आल्या. पाडा जमला होता. खंडेराव आणि उत्तराही आले होते. सावळीराम ठाम होते, अक्काबाई गप्प होती. मी दहा मिनिटं माझ्या पुस्तकाविरुद्ध बोललो आणि एकालाही पटवू शकलो नाही. खंडेराव म्हणाले, "मी करतो सही, मी तर ते पाहिल्या दिवसापासून निरुपयोगी म्हणतोय." पण त्यांनी ते वाचलेलं नव्हतं. पल्लवी मॅडम कंटाळल्या. "मग मी 'उपयुक्त' टाकते. फाईल प्रांतांकडे जाईल. दोन महिने राबाला हात लावू नका."

मी सोमाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने बांधावरची माती उकरत होता.

"नाही," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. सगळे माझ्याकडे वळले.

"हा राब आजच भाजायचा."

"पण का, काका? नियमाने..."

मला खूप कारणं द्यायची होती, पण एकही बाहेर येईना. मी गप्प राहिलो. पल्लवी मॅडम वाट बघत होत्या. पाडा वाट बघत होता. एक शेळी शिंकली.

"एकोणऐंशी," सावळीराम हळूच म्हणाले.

पल्लवी मॅडमनी माझ्याकडे, अक्काबाईकडे, वरच्या ढगांकडे पाहिलं. मग मोबाईलवर बोट खाली खाली सरकवलं. "थांबा. सगळ्यात तळाला 'इतर' आहे." उभ्या उभ्या त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "सदर पुस्तक निरुपयोगी असल्याचे लेखकाचे म्हणणे आहे. ते पंचांना मान्य नाही. सबब मूल्य ठरविता येत नाही. भाजणीस हरकत नाही."

सावळीरामांनी सही केली. अक्काबाईने अंगठा दिला. सोमाने सुतळी तोडली.

दिवसभर सोमाने घट्ट थर फोडून, उलटून मोकळा केला. मला त्याने काटक्या आणू दिल्या, बाकी कशाला हात लावू दिला नाही. सांजच्याला वारं पडल्यावर त्याने चाळल्यासारखी बारीक माती भुरभुरली. 'ती. आईस' वर टाकताना मी मान फिरवली. सावळीरामांनी मुद्देमालाची पिशवी आणून दिली. त्यातून सातवं प्रकरण त्यांनी आधीच काढून घेतलं होतं, हे मला दिसलं. त्यांनीही ते लपवलं नाही. राब धुमसत धुमसत, एकही पान न उडवता, खालपर्यंत भाजला. वळीव त्यानंतर चौथ्या दिवशी पडला.

पंचनाम्याची प्रत उत्तराने चौकट करून दिवाणखान्यात लावली आहे. त्या पुस्तकाचं छापील परीक्षण एकही आलं नाही. लेखी असं एवढंच. दिवाणाखाली तांदळाची पोती बसतील, असं ती म्हणते.

आषाढात लावणीला गेलो तेव्हा रोप हातभर, गर्द हिरवं होतं. गवताची काडी नव्हती. सोमाने एक मूठ उपटून मुळं झटकली आणि माझ्यापुढे धरली.

"सायेब, असं रोप मी पाल्यावर कधी नाय बघितलं. पुढल्या साली बी पाला मिळायचा नाय." त्याने मूठ चिखलात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "तवर एक लिवून व्हईल ना?"

मला सोमाला नाही म्हणता आलं नाही. सध्या तिसरं प्रकरण चालू आहे.